करंगळीपर्यंतची वाट

सर, माझ्या उजव्या हाताची करंगळी मागच्या वर्षापासून माझं ऐकत नाही. तिच्या शेजारचं बोटही तिच्याच पार्टीत गेलंय. वर्गाबाहेर काढलेली पोरं भिंतीला टेकून बसतात तशी दोघं वाकून बसलेली असतात, आणि मी कितीही डोळे वटारले तरी सरळ होत नाहीत. अंगठा हलतो, पण चिमटीत जोर नाही. तुम्ही म्हणाल, मंग हे लिहून कसा राह्यला लेका? पेन धरायला बाकीची बोटं कशीबशी पुरतात, फक्त हात कागदावर घसरतो आणि ओळ उतरत उतरत खाली जाते. माझं अक्षर तुम्हाला तेव्हाही आवडत नव्हतं. 'हे अक्षर हाय का गोमीनं शाईत पाय बुडवले,' असं तुम्ही भोकरदनच्या त्या पत्र्याच्या वर्गात सगळ्यांदेखत म्हणाल्ता. आता तर गोम बी लंगडी झाली.

आत्ता आमच्या हसनाबादच्या शिवारात क्रॉसिंगचे दिवस आहेत. कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये जिकडं बघावं तिकडं माणसं वाकलेली. संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले नर केसर एका फेरात सोलून काढायचे, मधली मादीची काडी तेवढी उभी ठेवायची. सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नख जरा जास्त लागलं की काडी मोडते, कमी लागलं की केसर आत राहतो आणि बियाणं नापास. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तुम्ही वारलात त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कोणासोबत भांडलो, काय बोललो, ते जाऊ द्या. पण त्यानंतर माणसांत माझी जी काही किंमत राहिली ती या नखाची. बाया म्हणायच्या, 'याच्या हातची कळी वाया जात न्हाई.' रागीट माणसाचा हात एवढा हलका कसा, याची त्यांना गंमत वाटायची. मला बी वाटायची. आणि आता तेच बोटांत नाही. हातातली तुटलेली नस वाढत वाढत वेळेत खाली पोचली तर हात परत माझा, नाही पोचली तर जन्मभर मी बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या चुका काढणारा माणूस होणार. अशी माणसं गावात आधीच लई आहेत.

झालं कसं ते सांगतो, हसू नका. वर्गात पहिल्या बाकावर बसायची ती तुम्हाला आठवत असेल. तुमचा तास संपला की तोच तास ती बाकीच्यांना परत समजावून सांगायची, म्हणून तुम्ही तिला 'मास्तरीणबाई' म्हणायचे. माझा जीव अकरावीपासून तिच्यात होता हे तुमच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. तिनंही काही वर्षं मला नाही म्हणलं नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हा मात्र स्टँडवर बसची वाट बघता बघता ती म्हणाली, 'तू कशालाच टिकत न्हाईस. मला टिकणारं माणूस पाहिजे.' एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही, बस आल्यावर मागच्या दारानं चढून गेली. मागच्या वर्षी पावसाळा लागायच्या आत तिचा फोन आला. सोयरीक जमली होती, आणि दुसऱ्याच्या तोंडून मला कळू नये म्हणून तिनं आपण होऊन सांगितलं. मी तेव्हा स्टँडसमोरच्या हॉटेलात उभा होतो. फोन खिशात ठेवला आणि समोर जे होतं त्यावर हात मारला. समोर भज्यांचं काचेचं कपाट होतं. कोपराच्या खालून, आतल्या अंगानं, हात असा चिरला की आधी रक्त दिसलं आणि मंग दुखायला लागलं. हॉटेलवाल्या म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हाताला आवळलं, पोराला गाडी काढायला लावली, आणि मला मागं बसवता बसवता म्हणाला, 'आरं मर्दा, भजी पाहिजे व्हती तर मागायची. न्हाई म्हणलो असतो का?' रस्ताभर मी त्याच वाक्यावर हसत होतो, असं त्याचा पोरगा अजून सांगतो.

संभाजीनगरला डॉक्टरांनी तुटलेल्या नसेची दोन टोकं जुळवून टाके घातले. मला वाटलं, वायर जोडली, आता बल्ब पेटणार. डॉक्टर म्हणाले, तसं नसतं. टाक्याच्या खालचा नसेचा भाग आता नुसती रिकामी नळी आहे. वरून नवा कोंब फुटून त्या नळीतून खाली यावा लागतो, नखापेक्षा जल्दी, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. आणि खाली स्नायू वर्ष-दीड वर्षच वाट बघतो, त्यानंतर नस आली तरी तो तिला ओळखत नाही. 'म्हणजे शर्यत आहे,' मी म्हणालो. 'शर्यत आहे, पण तुम्ही पळायचं नाही,' ते म्हणाले. 'तुम्ही फक्त सांधे आखडू द्यायचे नाहीत, व्यायाम करायचा आणि वाट बघायची.' आता तुम्हीच सांगा सर, मला वाट बघायला सांगणं म्हणजे वळूला रांगेत उभं करणं. त्या खाटेवर पडल्या पडल्या मला एकदम तुमचा तो दोऱ्याचा तास आठवला.

तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं, घरून क्रॉसिंगचा दोरा आणा. आमच्या भागात ज्याच्या घरी तो दोरा नाही असं घर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाकं भिंतीला सरकवली. तुम्ही लोखंडी खुर्चीत, आखडलेला उजवा पाय समोर काढून बसलेले. हजेरीचे नंबर पुकारून तुम्ही आमच्या दोन रांगा केल्या. पोरं एका बाजूला आणि पोरी एका बाजूला करून मधी दोरे बांधले असते तर उद्या गावातून सभा घ्यायला माणसं आली असती, हे तुम्हीच म्हणाले. एक रांग नसांची, एक रांग स्नायूंची. मी नस झालो. ती समोर स्नायू. एकेका नसेचे बरेच दोरे, आणि एकेका स्नायूच्या मुठीत चार-चार, पाच-पाच नसांचे दोरे दिले. तुम्ही म्हणता, 'पोटातल्या बाळाचं असंच असतं. पाठीच्या कण्यातून नसा निघतात, वाट हुंगत हुंगत स्नायूपाशी येतात. आन स्नायू बी झोपलेला नसतो. नस यायच्या आधीच तो आपल्या मधोमध जागा करून ठेवतो, जशी पाहुणा यायच्या आधी ओसरी झाडावी. नस आली की ती जागा पक्की होती. पण सुरुवातीला एकाच दारी चार नसा येऊन बसतात. आता प्रत्येक नसेनं हळूच टिचकी द्यायची. स्नायूनं बघायचं, कोणाचा निरोप बराबर येतो. त्याचा दोरा ठेवायचा, बाकीच्यांचे सोडायचे.' टिचक्या सुरू होतात. वर्ग खिदळून राह्यला. ती डोळे मिटून, बोटांनी दोरे ओळखत उभी आहे. आणि मला धीर निघत नाही. मी टिचकी देत नाही, हिसका देतो. दोरा तुटतो, तुटता तुटता तिच्या बोटाला कापतो, आणि माझ्या हातात वीतभर तुकडा उरतो.

'हे बघा,' तुम्ही म्हणालात, 'ही ओढणारी नस. हिचं काय झालं?' सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसला. मंग तुम्ही हसणं थांबायची वाट पाहिली. 'ओढून जोड होत नसतो रे बाबा. जोड दोन्हीकडून होतो. आन जोड झाला तरी दोघं चिकटत न्हाईत. मधी बारीक फट राहती, जन्मभर. नस त्या फटीत निरोपाच्या पुड्या सोडती, पलीकडं स्नायूचे कान त्या झेलतात. फट बुजली तर बोलणंच बंद.'  तेव्हा तुम्ही अजून एक सांगितलं, तेच मला त्या खाटेवर सगळ्यात आधी आठवलं. 'ज्या नसेचा दोरा सुटला ती मेली असं समजू नका. ती तेवढ्या दारातून मागं सरती. तिला दुसऱ्या स्नायूत घर असतंच.'

दवाखान्यातून घरी आल्यावर पंधरवड्यात ती आमच्याकडं पत्रिका घेऊन आली. सोबत तिची आई. माझ्या मायच्या 'काकू' म्हणून पाया पडली, चहा घेतला, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

'हात दाखव.'

'काय बघायचं त्याच्यात.'

'दाखव म्हणलं ना.'

मी दाखवला. तिनं हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. आता ती खरोखरच एका शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं बघणं बी तसंच, प्रयोगाकडं बघावं तसं. मंग म्हणाली, 'ओढला की दोरा तुटतो, हे सरांनी आख्ख्या वर्गात तुला एकट्याला उभं करून सांगितलं व्हतं. एकट्याला. तरी तुझ्याच ध्यानात राहिलं न्हाई.' माझी माय तोंडाला पदर लावून हसली. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, का ते माहीत नाही. 'लग्नाला ये,' ती म्हणाली. मी म्हणलो, बघू. 'बघू नको. ये, न्हाईतर नको येऊ. पण व्यायाम सोडू नको. एवढं एक तरी शेवटपर्यंत कर.' जाताना पत्रिका मायच्या हातात दिली, माझ्या नाही. लग्नाला मी गेलो नाही सर. त्या दिवशी सबंध दिवस मी बोटं सरळ करायचा व्यायाम केला, डाव्या हातानं उजवा हात धरून, मायनं जेवायला हाका मारल्या तरी.

दिवाळी झाली, थंडी गेली, हात आहे तसाच. मामा आला आणि म्हणाला, डॉक्टरचं काय ऐकून राह्यला, परतूरकडं एक बाबा हाय, नस चढलेली असो का सरकलेली, एका झटक्यात बसवतो. मामानंच माझा कॉलेजचा खर्चा केल्ता, त्याला नाही म्हणायचं मला तोंड नाही. गेलो. बाभळीखाली बाज, बाजेवर म्हातारा, समोर कंबरेला, मानेला, खांद्याला हात लावून बसलेली माणसं. वास करडीच्या तेलाचा. माझी पाळी आली. त्यानं हात मांडीवर घेतला, तेल चोळत कोपराखाली आला आणि थांबला. टाक्याच्या जागी आत वाटाण्याएवढी गाठ लागते, ती त्याच्या अंगठ्याखाली आली. 'ही बघा गाठ,' तो मामाला म्हणाला. 'हिनंच धरून ठेवलंय. ही मोडली का काम झालं.' त्यानं एका हातानं माझा कोपर आणि एका हातानं मनगट धरलं. खरं सांगतो सर, क्षणभर मला पाहिजेच होतं ते. एक हिसका, काय व्हायचं ते होऊन जावं, हे रोजचं वाट बघणं तरी संपेल. आणि त्याच क्षणाला, कुठून ते माहीत नाही, मला तुमचा स्वयंपाकघरातला पाय दिसला.

तुम्ही विसरला नसाल. तुमच्या चालीची नक्कल करणाऱ्या एका पोराला मी शाळेच्या मागं बदडलं होतं. संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. मला वाटलं शाबासकी. दारात तुमची ती मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, बैठकीत बुद्धाच्या फोटोखाली उदबत्ती, आणि तुम्ही आत ओट्याला टेकून चहा करून राह्यलेले, कारण तुमच्या घरच्या बाई ड्युटीवर होत्या. पाट दिलात, बसवलंत आणि पाठमोरेच म्हणालात, 'माझ्या पायासाठी भांडायला मी तुला वकीलपत्र दिलं व्हतं का?' चहा गाळता गाळता पुढं म्हणालात, 'ज्याला मारलं त्याच्या घरी उद्या जायचं. आता चहा घे.' मंग तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत. पाय नडगीला काठीसारखा, आणि पोटरीत एकाच जागी एक टणक गोळा. 'लहानपणी ताप आला, पोलिओ. पाठीच्या कण्यातल्या या पायाच्या नसा बहुतेक मेल्या. स्नायू बेवारस झाले. माय मला पाठीवर घेऊन शेतात जायची. मंग हळूहळू पाय जमिनीला टेकायला लागला. लोक म्हणले चमत्कार. चमत्कार कुठं असतो. मेलेली नस उठत न्हाई. पण ज्या थोड्या वाचल्या व्हत्या त्यांना बाजूनं कोंब फुटले, आन त्यांनी शेजारचे बेवारस स्नायू आपल्या पदरात घेतले. एक नस, चार घरचा संसार. त्यांच्या जिवावर मी तुमच्या वर्गापर्यंत येतो.' मी विचारलं, त्या दमत नाहीत का? तुम्ही पँट खाली केलीत. 'दमतात. आता दमायला लागल्यात. म्हणून तर काठी आणली. पण त्यांना घाई कोणी केली नव्हती, म्हणून एवढं झालं.' चहात साखर जास्त झाली होती, ते तुम्हालाही कळलं होतं, पण दोघांनीही तसाच प्यायला.

बाबाच्या हातातून मी हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढला. माझ्या आयुष्यात मी हळूच केलेल्या गोष्टींत ही वरची. म्हणलो, 'बाबा, राहू द्या. ही गाठ डॉक्टरनं बांधलेली हाय. आत नस कापल्ती, तिथून ती वाढून राह्यली.' म्हाताऱ्यानं हात एकदम वर घेतले, चटका बसल्यासारखे. मला वाटलं चिडणार. तो मामावर चिडला. 'कापलेली नस हाय हे आधी सांगायचं न्हाई का? बांधलेल्याला मी हात लावत नसतो. लेकराचा हात गेला असता म्हंजे?' त्यानं माझ्या हातावरचं तेल आपल्या धोतरानं पुसून दिलं.  परत येताना मामा म्हणाला, 'पेट्रोल वाया गेलं.' आणि थोड्या वेळानं, 'बरं झालं बोललास.'

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी सांगितलं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात कागद धरायचा, समोरच्यानं ओढायचा. निसटला म्हणजे नस अजून पोचली नाही. पातळ नको, जाड कागद घ्या. आमच्या घरी जाड कागद म्हणजे फडताळात ठेवलेली तिची पत्रिका. मायनं तीच आणली. मी म्हणलो, दुसरं काही न्हाई का? तर म्हणते कशी, 'अक्षता तर टाकल्या न्हाईस, पत्रिका तरी धर.' तेव्हापासून रोज सकाळी, प्लॉटवर जायच्या आधी, माय चुलीसमोर बसून माझ्या बोटांतून तिच्या लग्नाची पत्रिका ओढून घेते. रोज ती अशी निसटते जशी कोणी धरलीच नव्हती. गणपतीचं चित्र आता अर्धं पुसून गेलंय. बाई म्हणाल्या, स्नायूकडं नस नसली की तो आपले कान मधल्या जागेवर ठेवत नाही, अंगभर पसरतो, कुठूनही निरोप आला तरी ऐकू यावा म्हणून. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी फोन जवळ घेऊन कितीतरी दिवस तसाच पडलेलो होतो. पण त्यांनी पुढं सांगितलं की जुनी जागा बी पुसून जात नाही, तिथल्या पापुद्र्यात खूण राहते, आणि नस आली तर बहुतेक तिथंच येऊन बसते. काही धागे चुकीच्या घरी जातात, तेवढं धरून चालायचं.

परवा मायनं पत्रिका ओढली आणि ती आली नाही. म्हणजे आली, पण थांबून आली. माय माझ्या तोंडाकडं बघायला लागली. 'पुन्हा धर,' म्हणाली. पुन्हा धरली. तिनं ओढली, कोपऱ्यातून चर्र झालं. 'सोड रे आता, फाटून राह्यली.' आणि सर, मला तेव्हा कळलं की धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच सोडायला लागतो, कारण बोटं जवळ आणणं आणि लांब करणं हे दोन्ही त्या एकाच नसेचं काम. इतके दिवस पत्रिका निसटत होती. परवा मी ती सोडली. करंगळी थरथरत, एक-दोन गव्हाच्या दाण्यांएवढी बाजूला झाली, आणि पत्रिका मायच्या हातात गेली. मायनं ती फडताळात परत ठेवली नाही. घडी करून चुलीशेजारी ठेवली आणि म्हणाली, 'उद्यापासून कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊ.' यंदाचं क्रॉसिंग मला जमणार नाही, हे मला दिसतंय. अंगठ्याची चिमूट अजून यायची आहे. पण काल संध्याकाळी मी प्लॉटात एक कळी हातात घेतली. सोलली नाही, नुसती धरून पाहिली. पडली नाही.

हे पत्र तुमच्या घरी नेऊन बाईंना द्यावं असं आधी वाटलं होतं. आता नाही देत. एक तर अक्षर. आणि दुसरं असं, की दोऱ्याच्या त्या दिवशी मी तुमचं काहीही ऐकलं नव्हतं सर. तिच्या बोटाला रक्त आल्तं, तिकडंच माझं ध्यान होतं. तुम्ही ओसरीचं बोललात, फटीचं बोललात, मागं सरणाऱ्या नसेचं बोललात, ते सगळं संध्याकाळी स्टँडवर, बोटाला रुमाल गुंडाळून, बस येईपर्यंत तिनं मला सांगितलं. वर त्या तासाचं मी 'तुम्ही म्हणालात' म्हणून जे लिहिलंय ते तिच्या तोंडचं आहे. पाय तेवढा तुमचा.